अंगणबांधणी (वसई-विरार)

अंगणबांधणी : घराभोवतीच्या मोकळ्या जागेत पायवाट, फरसबंदी, ओटा, पायऱ्या, कुंपणभिंत, विहिरीचा काठडा, तुळशीवृंदावन किंवा क्रूसाचा चौथरा, पाण्याची गटारे अशा पक्क्या गोष्टींची आखणी व उभारणी. उद्यानरचनेच्या परिभाषेत या भागाला ‘हार्डस्केप’ म्हणतात. झाडे, वेली व हिरवळ हा ‘सॉफ्टस्केप’. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार पट्ट्यात ही आखणी पाण्यापासून सुरू होते. पावसाचे पाणी कुठून येते, कुठे तुंबते आणि कुठे मुरते हे कळल्यावरच दगड कुठे बसवायचा ते ठरते.

भूमी व पाऊस : या पट्ट्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. अर्नाळा, राजोडी, भुईगाव या किनाऱ्यालगतच्या गावांत जमीन रेताड असून पाणी पटकन मुरते. मात्र ऐन पावसाळ्यात विहिरी वरपर्यंत भरल्या की ते मुरणेही मंदावते. खाडीकाठच्या सखल भागात चिकण माती व खाजण आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुरूम लागतो आणि उतारावरून पाण्याचा लोंढा येतो. त्यामुळे एका गावात टिकलेली फरसबंदी दुसऱ्या गावात पहिल्याच पावसात खचू शकते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने मोसमात दोन हजार मिलिमीटर पाऊस झाला, तर शंभर चौरस मीटरच्या अंगणावर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर पाणी पडते. अंगण पूर्ण सिमेंटचे केले की हे सारे पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या वाडीत जाते. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा भागातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर जोते, उतार आणि गटार हे विषय घरोघरी बोलले जाऊ लागले.

पारंपरिक अंगण : जुने अंगण दरवर्षी नव्याने तयार होई. पाऊस ओसरला की माती भरून, पाणी शिंपून ती चोपण्याने ठोकून सपाट करीत आणि शेणाने सारवीत. पुढचे सात-आठ महिने तेच खळे. तिथे भात झोडपायचा, मिरच्या-मासळी वाळवायची, लग्नाचा मांडव घालायचा. जूनमध्ये ते पुन्हा पावसाच्या स्वाधीन होई व पाणी पिऊन घेई. पक्के बांधकाम थोडे व ठरावीक जागीच असे : काळ्या दगडाचे जोते, पायऱ्या, ओटा, विहिरीचा काठडा, तिच्याजवळचे थारोळे व धुण्याचा दगड. हिंदू घरापुढे तुळशीवृंदावन असे. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अंमलात येथे ख्रिस्ती वस्ती रुजली. त्या घरांच्या अंगणात वा गावाच्या नाक्यावर चौथऱ्यावरचा क्रूस दिसतो. सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी अशा समाजांच्या घरांत तपशील वेगळे असले, तरी ओटा-अंगण-विहीर-वाडी हा क्रम साधारण सारखाच.

बावखल : वसईच्या पश्चिम भागातील वाड्यांमध्ये खोदलेली, पावसाचे पाणी साठवणारी तळी. वाडीतले जादा पाणी त्यांत उतरते, जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना मिळते व पूर्वी रहाटाने ते केळी, पानवेली व फुलझाडांना दिले जाई. किनाऱ्यालगत भूजलाचा बेसुमार उपसा झाला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते; जमिनीत मुरणारे गोडे पाणी त्याला थोपवते. नागरीकरणात अनेक बावखले बुजवली गेली. अंगणाच्या आखणीच्या दृष्टीने बावखल हा उताराचा स्वाभाविक शेवट आहे. जिथे ते उरले आहे तिथे पन्हळ व पाट त्याच्याकडेच वळवणे सर्वांत स्वस्त पडते. सांडपाणी मात्र त्यात सोडू नये.

आखणीचा क्रम : शक्य असल्यास एक पावसाळा अंगण नुसते पाहावे. कौलारू छपराच्या कडेखाली पागोळ्यांनी मातीत खळग्यांची सरळ ओळ पडते. ही ओळ म्हणजे फुकटात झालेली मोजणी होय. तिथे फरशी न घालता फूटभर रुंदीची गोट्यांची पट्टी ठेवली, तर चिखल भिंतीवर उडत नाही आणि पाणी मुरते. जिथे पाणी साचते तिथे खुंट्या ठोकून ठेवाव्यात. त्यानंतर कागदावर आधी घर, विहीर, मलकुंड, झाडे व जमिनीखालचे नळ दाखवावेत; मग रोजची पायवाट आणि वाहनाची जागा. माणसे ज्या वाटेने खरोखर चालतात तीच पक्की करावी. फरसबंदीला घरापासून बाहेरच्या बाजूस सुमारे 1 : 60 ते 1 : 80, म्हणजे मीटरला सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर उतार पुरतो. प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवावे.

साहित्य : काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, टिकाऊ, टाकी मारून खडबडीत केला तर पावसात पाय घसरत नाही. शहाबादी फरशी स्वस्त व उन्हाळ्यात सोयीची, पण सावलीत तिच्यावर शेवाळ धरते. गुळगुळीत चकाकत्या टाइल उघड्या अंगणात टाळाव्यात. दक्षिण कोकणातून येणारा जांभा शोभिवंत असला, तरी सच्छिद्र आहे. पेव्हर ब्लॉक घरगुती वापरास साधारण 60 मिलिमीटर जाडीचे घेतात. त्यांचे आयुष्य खालच्या थरांवर ठरते : दाबलेली जमीन, त्यावर 100 ते 150 मिलिमीटर खडी, वर चाळलेल्या रेतीचा किंवा क्रश सँडचा पातळ थर आणि चहूबाजूंनी घट्ट कडेपट्टी. कडेपट्टी नसली की ब्लॉक दोन पावसाळ्यांत सुटतात. सांधे सिमेंटने न भरता रेतीने भरल्यास काही पाणी खाली उतरते. समुद्राची रेती काँक्रीटमध्ये वापरू नये. तिच्यातील क्षारांमुळे सळ्या गंजतात. खाऱ्या हवेत लोखंडी फाटकही लवकर गंजते, म्हणून ते जस्तलेपित घ्यावे किंवा रंगाची वारंवार डागडुजी करावी.

झाडे व बांधकाम : नारळाभोवती दीड ते दोन मीटर त्रिज्येचे आळे मोकळे ठेवावे. बुंध्यापर्यंत सिमेंट नेले की पाणी व खत देण्याची जागाच उरत नाही. बाक, झोपाळा व गाडी माडाखाली ठेवू नये. नारळ कुणाला विचारून पडत नाही. सोनचाफा, आंबा, फणस यांच्या मुळांसाठीही फरसबंदीत ऐसपैस जागा सोडावी.

नियम व पाणी जिरवणे : वसई-विरार शहर महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी अस्तित्वात आली. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजलसंधारणाची व्यवस्था करावी लागते. कुंपणभिंत बांधण्यापूर्वी तिच्या उंचीविषयी महापालिकेत विचारणा करावी आणि भिंतीच्या तळाशी पाण्याला वाट ठेवावी. नाहीतर कुंपण हेच धरण ठरते. मुरमाड जमिनीत तळाला मोठे दगड, मध्ये खडी व वर जाडी रेती असा शोषखड्डा चालतो. किनाऱ्यालगत मात्र जुलैत असा खड्डा भरून राहतो. तिथे छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडणे बरे. शोषखड्डा व विहीर ही दोन्ही मलकुंडापासून दूर असावीत.

सद्यःस्थिती : शेती कमी झाल्याने खळ्याची गरज सरली, शेण मिळेनासे झाले आणि दरवर्षी अंगण चोपायला माणसे उरली नाहीत, त्यामुळे कोबा व पेव्हर ब्लॉक यांचा प्रसार समजण्यासारखा आहे. मध्यम मार्ग असा की वाट, ओटा व वाहनतळ एवढेच पक्के करून उरलेली माती उघडी ठेवावी. मांडवाची सवय अजून टिकून असल्याने फरसबंदी करतानाच चारी कोपऱ्यांत पाइपाचे हातभर तुकडे उभे गाडून त्यांना झाकणे बसवावीत. लग्न निघाले की झाकण काढून त्यात खांब रोवता येतो आणि फरशी फोडावी लागत नाही.