टपाल तिकिटांच्या रंगछटांची ओळख
जुन्या तिकिटावरील शाईची नेमकी छटा ठरवण्याची तिकीटसंग्रहशास्त्रातील पद्धत (पहा : तिकीटसंग्रह). भारतभर १ ऑक्टोबर १८५४ रोजी टपाल तिकिटे सुरू झाली. कलकत्त्यात शिळाछापावर छापलेल्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटात फिकट निळ्यापासून गडद निळीपर्यंत छटा आढळतात (पहा : शिलामुद्रण). शाईचे मिश्रण व थराची जाडी छपाईगणिक बदलल्याने हा फरक पडतो.

छटा दिवसाच्या उजेडात, तारखेचा शिक्का स्पष्ट असलेल्या नमुन्याशी ताडतात. उन्हाने रंग उडतो, पाण्याने काही शाया उतरतात. गंधकाच्या वाफांनी शिसेयुक्त रंग काळवंडतात. अशा बदललेल्या रंगाला स्वतंत्र छटा मानत नाहीत.

छटेवरून छपाईचा काळ ठरवण्यास व बनावट तिकीट ओळखण्यास मदत होते. पंचम जॉर्ज तिकिटांची लंडन व नाशिक छपाई मात्र मुख्यतः जलचिन्हावरून वेगळी करतात : लंडनचे एकेरी तारा, नाशिकचे (१९२६ पासून) अनेक तारे (पहा : जलचिन्ह, नाशिक).