संगणकातला भूभाग दुरुस्त करताना तलाव बुजू नयेत

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीचा परिसर सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी आहे. उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द, जवळून वाहणारी बावनथडी नदी, डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खुली खाण, आजूबाजूला जंगल आणि सपाट जागी धानाच्या बांध्या, असा हा मुलूख आहे. एवढा विविध भूभाग संगणकाच्या पडद्यावर उभा करणे आता कठीण राहिलेले नाही. अवकाशातून मोजलेल्या उंचीची माहिती महाजालावर विनामूल्य मिळते आणि ती हाताळणारी सॉफ्टवेअरही उपलब्ध आहेत. मात्र मिळालेली माहिती जशीच्या तशी वापरता येत नाही. ती दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती कशी होते आणि तलावांच्या जिल्ह्यात ती यांत्रिकपणे केल्यास काय बिघडते, याची ही माहिती.

उंचीचा तक्ता

पडद्यावर दिसणाऱ्या डोंगराच्या मुळाशी आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो. जमिनीचे सारख्या आकाराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा दिला जातो. यालाच ‘डिजिटल एलिव्हेशन मॉडेल’ किंवा थोडक्यात ‘डीईएम’ म्हणतात. त्यात झाडांचे शेंडे आणि घरांची छपरे धरलेली असतील तर तो ‘डीएसएम’, आणि ती वगळून उघडी जमीन दाखवलेली असेल तर तो ‘डीटीएम’. पाणी कोठून वाहील हे ठरवायचे असेल तर दुसऱ्या प्रकाराची गरज असते. फुकट मिळणारी माहिती मात्र बहुधा पहिल्या प्रकाराकडे झुकणारी असते.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साह्याने जगाच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. ‘एसआरटीएम’ नावाने ओळखली जाणारी ही माहिती आपल्याकडे आधी ९० मीटरच्या आणि २०१४ नंतर ३० मीटरच्या चौकोनांत मिळू लागली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी ‘कार्टोसॅट-१’ हा उपग्रह सोडला. पुढे व मागे रोखलेल्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या त्याच्या छायाचित्रांवरून ‘कार्टोडेम’ तयार झाला आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळामार्फत तो लोकांपर्यंत पोहोचला. जर्मन रडार उपग्रहांनी २०१० ते २०१५ या काळात केलेल्या मोजणीवर आधारलेली ‘कोपर्निकस’ ही मालिकाही आता वापरात आहे.

उंची मोजण्याच्या या परंपरेशी विदर्भाचा जुना संबंध आहे. १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन हे नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावले. त्यांची कबर तेथेच आहे. त्या काळी सर्वेक्षक प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जात असे. अवकाशातून मोजणी होऊ लागल्यावर ही गरज कमी झाली, तरी संपलेली नाही.

दुरुस्ती कशाची?

‘क्यूजीआयएस’, ‘ग्रास’ आणि ‘सागा’ ही विनामूल्य, तर ‘आर्कजीआयएस’ आणि ‘ग्लोबल मॅपर’ ही विकत मिळणारी सॉफ्टवेअर या कामासाठी वापरली जातात. त्यांतील साधनांची नावे वेगवेगळी असली, तरी कामाचे टप्पे साधारण सारखेच असतात.

पहिला टप्पा प्रक्षेपणाचा. अक्षांश-रेखांशात असलेला तक्ता मीटरमध्ये आणावा लागतो. भंडारा जिल्ह्यासाठी ‘यूटीएम’ पद्धतीतील ४४ उत्तर हा पट्टा वापरतात. उंची कोणत्या पातळीपासून मोजली आहे, हेही येथेच तपासावे लागते. जीपीएस यंत्र मुळात पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजते, तर ‘एसआरटीएम’ची उंची सरासरी समुद्रपातळीच्या जवळच्या पृष्ठभागापासून दिलेली असते. मध्य भारतात या दोहोंत ५० मीटरहून अधिक फरक पडतो. हे न पाहता दोन तक्ते जोडले, तर सपाट शेतात कडा उभा राहतो.

त्यानंतर, ज्या चौकोनांत मोजणीच झालेली नाही ते आजूबाजूच्या आकड्यांवरून किंवा दुसऱ्या तक्त्यातून भरले जातात. खोटी सुळकी व खळगे गाळले जातात. जंगलाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. ‘एसआरटीएम’चे ५.६ सेंटिमीटर लांबीचे रडार-तरंग दाट झाडीतून पूर्णपणे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. परिणामी नाकाडोंगरीसारख्या भागात जंगल संपून शेत सुरू होते तेथे, जमिनीत नसलेली पायरी तक्त्यात दिसू शकते.

शेवटचा महत्त्वाचा टप्पा खळगे भरण्याचा. पाण्याची वाट काढताना संगणक प्रत्येक चौकोनाची शेजारच्या आठ चौकोनांशी तुलना करतो आणि सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने पाणी सोडतो. एखादा चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खोल असला की पाणी तेथे अडते. म्हणून अशा जागेची पातळी, पाणी बाहेर पडेल इतकी वाढवली जाते. जेन्सन आणि डोमिंग यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही पद्धत व तिच्या सुधारित आवृत्त्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका कळीवर उपलब्ध आहेत. डोंगराळ मुलखात असे बरेचसे खळगे मोजणीतील दोषच असतात, हे या पद्धतीमागचे गृहीतक आहे.

तळ्यांच्या जिल्ह्यातील अडचण

हे गृहीतक भंडाऱ्यात लंगडे पडते. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात मालगुजारी तलाव आणि शेतांतील बोड्या मोठ्या संख्येने आहेत. उताराला आडवी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे आणि त्यावर धान पिकवायचे, ही येथील जुनी व्यवस्था आहे. तलाव बांधण्यातील कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. मालगुजारी संपल्यानंतर हे तलाव शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ हे नाव रूढ झाले. म्हणजे संगणकाला दोष वाटणारा खळगा येथे पिढ्यान् पिढ्या राखलेली मालमत्ता असू शकतो.

आकारमानाचा हिशेबही बोलका आहे. ९० मीटरचा एक चौकोन सुमारे दोन एकरांचा होतो. अर्ध्या एकराची बोडी त्यात दिसणारच नाही. ३० मीटरच्या तक्त्यात तिच्या वाट्याला जेमतेम दोन चौकोन येतात आणि तलावाची काही मीटर रुंद पाळ त्यातही विरून जाते. ‘एसआरटीएम’साठी उंचीतील चुकीची मूळ मर्यादाच १६ मीटर ठेवलेली होती. त्या माहितीचे संपादन करताना पाण्याचे पृष्ठ सपाट करण्याचा जो नियम लावला गेला, तो ६०० मीटरपेक्षा लांब तलावांपुरता होता. लहान तलाव आधीच सुटलेले असतात. जे थोडेफार उमटतात, तेही खळगे भरण्याच्या आज्ञेने पुसले जातात.

तलाव नसलेल्या तक्त्यावरून ओढ्याचे पाणलोट क्षेत्र काढले, तर मधे पाणी अडतच नाही असे उत्तर येते. नव्या बंधाऱ्याची जागा, पुराची पातळी, नाल्याची रुंदी असे निर्णय त्या उत्तरावर घेतले गेल्यास चूक कागदावर राहत नाही. गाळाने भरलेल्या किंवा अतिक्रमण झालेल्या तलावाच्या बाबतीत धोका अधिक आहे. नकाशात तो दिसत नाही, म्हणून तो दुरुस्तीच्या विचारातूनही सुटण्याची शक्यता असते.

याउलट काही ठिकाणी अडथळा खोटा असतो. नदीवरील पूल किंवा रस्त्याचा भराव तक्त्यात भिंतीसारखा दिसतो आणि पाणी त्यामागे तुंबते. तेथे पुलाखालची वाट हाताने कापावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहरासह नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पुराचा अंदाज बांधताना एका पुलाची चूकही पाण्याची पातळी बदलून टाकते.

खाण आणि धरण

जमीनही स्थिर राहत नाही. डोंगरी बुजुर्गची खाण दरवर्षी खोल होते आणि काढलेल्या मातीचे ढिगारे उंच होतात. २००० सालच्या तक्त्यात आजची खाण सापडणार नाही. बावनथडी प्रकल्पाच्या जलाशयात त्यानंतर पाणी साठले, त्यामुळे जुन्या तक्त्यात दरीचा तळ आणि नव्यात पाण्याचे सपाट पृष्ठ दिसते. साठवणक्षमतेचा हिशेब करणाऱ्यास जुना तक्ता उपयोगी पडतो, तर आजचा नकाशा काढणाऱ्यास तोच चकवतो. दोन काळांतील तक्ते एकमेकांतून वजा केल्यास किती खोदकाम झाले हेही कळते. ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, अथवा वर्षाला दहा लाख टनांहून अधिक उत्खननाच्या खाणपट्ट्यांना २०२१ पासून ड्रोन सर्वेक्षण बंधनकारक आहे.

घ्यावयाची काळजी

मूळ तक्ता अबाधित ठेवून प्रतीवर काम करणे, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आणि खळगे सरसकट न भरता खोली व क्षेत्रफळाची मर्यादा घालणे, ही प्राथमिक पथ्ये आहेत. भरण्यापूर्वीचा आणि नंतरचा तक्ता वजा केला की कोणत्या जागा बुजल्या याची यादीच मिळते. ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५५ ओ या गटातील नकाशांशी, गावनकाशाशी आणि तलावांच्या नोंदींशी ताडून पाहावी. खरे तलाव वेगळ्या थरात ठेवून तेवढे वगळण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. शंका उरेल तेथे पावसाळ्यानंतर प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ प्रदेशासाठी एक ते तीन मीटर इतक्या सूक्ष्म उंची-माहितीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. ती हाती आल्यावर पाळ, धुरे आणि बोड्या स्पष्ट दिसू लागतील. पण दिसणारा खळगा भरायचा की राखायचा, हे त्या वेळीही सॉफ्टवेअरला गावाकडूनच विचारून घ्यावे लागेल.