हलकी सॅक
हलकी सॅक ही लांब पल्ल्याच्या पदभ्रमणात वापरली जाणारी कमी वजनाची पाठपिशवी आहे. तिची क्षमता लिटरमध्ये मोजतात.

निवड
आधी सामान ठरवून त्यानुसार सॅक निवडणे सोयीचे असते. माप उंचीवरून नव्हे, तर मानेच्या तळाच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतच्या पाठीच्या लांबीवरून ठरते. कमरपट्ट्यामुळे खांद्यांवरील भार कमरेवर येतो. सांगाडा नसलेली सॅक हलकी असते. मात्र ओझे वाढल्यास ती खांद्यांना जाचते.

पावसाळी वापर
नागपूर व विदर्भातील भाविक नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळील नागद्वारची पायी यात्रा करतात. अशा पावसाळी वाटांवर सॅकचे बाहेरील आवरण पाठीकडील बाजू झाकत नाही. त्यामुळे कोरडे कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे आवश्यक ठरते.