पाटी, नंबर आणि नोंदवही



आजचा विषय ऐकून एका श्रोत्यांनी मला आत येतानाच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेजमध्ये कधी शिरलात?" शिरलो खरा, पण माझ्याच एका चुकीमुळे. ती आधी सांगून टाकतो.

माझ्या एका मित्राच्या वडिलांची मॉरिस मायनर होती. ते डॉक्टर, व्हिजिटला त्याच गाडीनं जायचे. काळी पाटी आणि तिच्यावर पेंटरनं हातानं काढलेला पांढरा नंबर. सुरुवातीचं अक्षर 'बी', म्हणजे नोंदणी जुन्या मुंबई राज्यातली. पुढे या शतकाच्या सुरुवातीला खाजगी गाड्यांच्या काळ्या पाट्या जाऊन पांढऱ्या आल्या. मित्राचा हात काही पाटी काढायला धजेना. म्हणाला, "अरे, बाबांनी स्वतः समोर उभं राहून रंगवून घेतली होती ती." मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. मी म्हटलं, "नंबर तोच राहतोय ना? मग पत्र्याचं काय घेऊन बसलास?" त्यानं माझं ऐकलं. पाटी भंगारात गेली. बऱ्याच वर्षांनी त्यानं गाडी मूळ रूपात आणायला घेतली, तेव्हा त्या पाटीचा एक धड फोटोही घरात निघाला नाही. अक्षरं केवढी होती, दोन ओळी होत्या की एक, काही सांगता येईना.

माझं म्हणणं चूक होतं का? अर्धं बरोबर होतं. कुठलं अर्धं, हे समजून घ्यायला आपण इंग्लंडात जाऊ, कारण या प्रश्नाचा कीस त्या देशानं जितका पाडलाय तितका क्वचितच कुणी पाडला असेल.

ब्रिटनमध्ये १९०३ साली मोटार कार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. त्याच कायद्यानं वेगमर्यादा वाढवून ताशी २० मैल केली. म्हणजे सौदा सरळ होता: जोरात जा, पण ओळख दाखवून जा. श्रीमंत मोटारवाल्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. नंबर घोडागाडीला नाही, मग आम्हालाच का? पण माणूस मोठा गमतीदार प्राणी आहे. ज्या नंबरात अपमान वाटत होता, त्यातच लगेच मान शोधला गेला. लंडनचा 'ए १' हा नंबर अर्ल रसेल यांनी मिळवला. त्यासाठी ते रात्रभर रांगेत थांबले होते, अशी आख्यायिका आहे. हे अर्ल म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू. बर्ट्रांडना अकराव्या वर्षी युक्लिडची भूमिती शिकवली ती याच भावानं. तेव्हा आमच्या विषयाचं या पाट्यांशी नातं अगदीच काही ओढूनताणून आणलेलं नाही!

आता पाटीकडे येऊ. सुरुवातीला काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं असत. कुणी पत्र्यावर रंगवून घेई, तर कुणी थेट गाडीच्या अंगावरच. पुढे ओतीव ॲल्युमिनियमच्या, ठसा उठवलेल्या, सुटी अक्षरं रिव्हेटनं बसवलेल्या पाट्या आल्या. दशकागणिक घडण बदलत गेली. म्हणून जाणकार माणूस नुसती पाटी पाहून सांगतो, की ही १९२५ च्या गाडीला शोभत नाही, ही पन्नाशीतली आहे. १९७३ पासून नव्या गाड्यांना परावर्तक पाट्या सक्तीच्या झाल्या, पुढे पांढरी, मागे पिवळी. जुन्या गाड्यांना काळी पाटी ठेवण्याची सवलत राहिली. सवलतीची हद्द अधूनमधून सरकत गेली, आणि आता १९८० च्या आधी बनलेल्या, ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदलेल्या गाड्यांपाशी ती थांबली आहे.

इथपर्यंत प्रश्न सोपा आहे. पाटी गंजली, अक्षर उडालं, तर त्याच घडणीची दुसरी करून घ्यावी. मूळ पाटी जगण्यासारखी असेल तर रंग खरवडण्याआधी फोटो काढावा, मापं घ्यावीत, रेघेवर रेघ ठेवून अक्षरं भरावीत. अगदीच गेली असेल तर नवी लावावी, पण जुनी टाकू नये, घरात ठेवावी. कारागिराच्या हातचा प्रश्न आहे, तो कारागीर सोडवतो.

खरा पेच पुढे आहे. पाटीवर लिहायचा नंबर कुठला?

ब्रिटनमध्ये आधी नोंदणी स्थानिक कौन्सिलांकडे होती. प्रत्येक कौन्सिलच्या जाड जाड वह्या. १९७४ पासून हे काम वेल्समधल्या स्वान्सी इथल्या मध्यवर्ती संगणकाकडे जाऊ लागलं. जी गाडी रस्त्यावर होती, तिची नोंद आपोआप पुढे सरकली. पण जी धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली झोपलेली होती तिचं काय? मालकांना मुदत दिली गेली आणि १९८३ च्या अखेरीस ती संपली. ज्यांनी कळवलं नाही, त्यांच्या गाड्या संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नव्हत्या. गाडी आहे, तिच्यावर पाटी आहे, पाटीवर नंबर आहे, आणि तरी तो नंबर तिचा नाही!

मग ओरड झाली, आणि एक वाट काढली गेली. तिचं नाव तिच्या अर्जावरून पडलं, व्ही ७६५. मालकानं पुरावा आणायचा: जुनं लॉगबुक किंवा कौन्सिलच्या वहीतली नोंद. मान्यताप्राप्त क्लबनं गाडी तपासून शिफारस करायची. पटलं तर मूळ नंबर परत मिळतो, पण एका अटीवर: तो पुन्हा दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. अट का, ते ऐका. १९८९ पासून तिथलं सरकारी खातं आवडीचे नंबर विकू लागलं. १९६३ पूर्वीच्या नंबरांत गाडीचं साल सांगणारं अक्षर नसतं, म्हणून त्यांना भाव फार. कितीतरी जुन्या गाड्यांचे नंबर काढून नव्या कोऱ्या गाड्यांवर चढले. मालकांनी कायदा मोडला नाही. पण साठ वर्षं एका गाडीची असलेली ओळख दुसरीच्या अंगावर दागिन्यासारखी मिरवू लागली.

आणि ज्या वह्यांवर हा सगळा पुरावा अवलंबून, त्यांचं काय झालं? संगणक आला तसं अनेक ठिकाणी वह्यांचं ओझं वाटू लागलं. काही जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत गेल्या, काही नष्ट केल्या गेल्या. काही हौशी मंडळींनी वाचवल्या. ड्रॉइटविच या गावी किटहेड ट्रस्ट नावाची संस्था आहे, तिनं अशा नोंदी सांभाळल्या आहेत. ज्याची वही वाचली, त्याचा नंबर वाचला. ज्याची गेली आणि घरात लॉगबुकही नाही, त्याला त्या काळाला शोभेल असा, पण पूर्वी कुणालाही न दिलेला नंबर मिळतो. दिसायला अस्सल, इतिहासात शून्य. आणि गाडीचं वय किंवा ओळखच सिद्ध होत नसेल, तर 'क्यू' अक्षराचा नंबर. मला तो फार प्रामाणिक वाटतो. तो चक्क सांगतो, की मी कोण ते मला ठाऊक नाही.

गाडीच बदलत गेली तर? थीसियसचं जहाज तुम्हाला आठवत असेल. फळ्या एकेक करून बदलल्या, मग जहाज तेच का? ब्रिटिश अधिकाऱ्यांनी यावर चक्क गुणपत्रिका काढली! मोठे फेरफार झालेल्या गाडीला मूळ नंबर ठेवायचा असेल, तर २०२५ पर्यंत चौदापैकी आठ गुण लागत. सांगाड्याचे पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी दोन, आणि इंजिनाचा फक्त एक. ज्याला आपण गाडीचं काळीज म्हणतो त्याला सगळ्यांत कमी!

कोर्टानं मात्र गुण मोजले नाहीत. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मानची शर्यत जिंकणारी बेंटली 'ओल्ड नंबर वन'. नंतर तिचे भाग बदलत गेले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला अपघात झाला, त्यात चालक दगावला, गाडी पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी पाहिलं ते तिच्या आयुष्याचं सलगपण. धागा कुठे तुटलेला नाही आणि या नावावर दुसऱ्या कुठल्या गाडीचा दावा नाही, म्हणून हीच ती, असा निकाल झाला.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी नियम आले. नव्यानं नोंदणी करायची असेल तर 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका आहे. पण ज्या गाडीची नोंदणी आधीच झालेली आहे, तिला तिचा जुना नंबर ठेवता येतो. फार चांगली तरतूद आहे ही. पण तिचा फायदा कुणाला? ज्याच्या कपाटात जुनं आरसी बुक आहे, त्याला. गाडीला पॉलिश करणारे पुष्कळ भेटतात. ते बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळवीपासून जपणारे मला फार थोडे भेटले.

तर माझं कुठलं अर्धं बरोबर होतं? नंबर पत्र्यात राहत नाही, हे बरोबर होतं. तो गाडी आणि नोंदवही यांच्यामधल्या नात्यात राहतो. म्हणून पाटी नवी केली तर खोटेपणा होत नाही, आणि वही गेली तर कितीही सुंदर पाटी खरी ठरत नाही. माझी चूक ही, की ओळख आणि साक्ष यांत मी फरक केला नाही. मित्राच्या गाडीची ओळख शाबूत राहिली. पण एका दुपारी एक डॉक्टर रस्त्यावर उभे राहिले आणि एका पेंटरनं त्यांच्या देखत आठवणीत राहतील अशी अक्षरं काढली, याला असलेला एकुलता एक साक्षीदार मी तर्कशास्त्राच्या जोरावर भंगारात घालवला.

मित्रानं शेवटी त्या काळच्या दुसऱ्या गाड्यांचे फोटो पाहून नवी काळी पाटी करवून घेतली. छान झाली आहे. तिच्या मागच्या बाजूला त्यानं पाटी केल्याची तारीख लिहून ठेवली आहे, म्हणजे उद्या कुणी तिला वडिलांची समजू नये. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी, निदान जुनी स्कूटर असेल, तर आज रात्री घरी जाऊन दोनच गोष्टी करा. पाटीचा एक फोटो काढा, आणि आरसी बुक कुठे आहे ते बघा.