मोत्याचा रिपोर्ट आणि दोनशे वर्षांचा हिशेब

कुत्रा म्हातारा होणं ही आमच्या पुनावळ्यात तशी नवीनच गोष्ट. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याआधीच्या काळाबद्दल इथली जुनी माणसं सांगतात, की कुत्रा असायचा तो मळ्याच्या राखणीला. उरलीसुरली भाकरी खायची, रात्रभर भुंकायचं, आणि एक दिवस रस्त्यावर, सापाने किंवा पिसाळून मरायचं. आता उसाच्या जागी टॉवर आलेत, कुत्री लिफ्टने खाली उतरतात, वेळेवर लशी घेतात आणि तेरा-चौदा वर्षं जगतात. आयुष्य वाढलं की त्याच्या मागोमाग म्हातारपणाचे आजारही येतात. मूत्रपिंडाचा आजार त्यातलाच.

आमचा मोत्या तेरा वर्षांचा आहे. तो भांडंभर पाणी प्यायला लागला आणि रात्री दोनदा बाहेर न्या म्हणून उठवायला लागला, म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन वाढलेलं, फॉस्फरसही वाढलेला. डॉक्टर म्हणाले, हाडं बंद, दूध बंद. आई ऐकून चिडलीच. "अरे, म्हातारं जनावर ते. हाडं ठिसूळ झाली असतील आणि तू दूध तोडतोस?" तिचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. ते का चुकतं हे शोधायला मी वाचायला बसलो आणि एका वेगळ्याच इतिहासात शिरलो. तोच आज सांगतो.

मूत्रपिंड नक्की करतं काय, हे माणसाला कळलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. १८२१ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि द्यूमा या दोघांनी जनावरांची मूत्रपिंडं काढून टाकली आणि त्यांच्या रक्तात युरिया साचतो हे दाखवलं. म्हणजे युरिया मूत्रपिंडात तयार होत नाही, तिथून फक्त बाहेर टाकला जातो. १९०२ साली व्हिएन्नात एमेरिख उलमानने एका कुत्र्याचं मूत्रपिंड त्याच्याच मानेत बसवलं, आणि त्यातून लघवी आली. १९१३ साली बाल्टिमोरमध्ये जॉन एबलने कुत्र्याचं रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवून शुद्ध केलं. रक्त गोठू नये म्हणून त्याने जळवांपासून काढलेलं द्रव्य वापरलं होतं. आज आपल्या ओळखीत कुणी ना कुणी डायलिसिसवर असतं. त्या यंत्राच्या आजोबाला पहिल्यांदा जोडला गेला तो कुत्रा.

आता मोत्याच्या रिपोर्टमधल्या फॉस्फरसकडे येऊ. जेवणातला जादा फॉस्फरस बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. ते थकलं की फॉस्फरस रक्तात साचू लागतो. मग गळ्यातल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात. उरल्यासुरल्या मूत्रपिंडाकडून फॉस्फरस बाहेर ढकलवून घ्यायचा, हा त्यांचा उद्देश. पण तेच हार्मोन हाडांतून कॅल्शियमही ओढून काढतं. १९७२ साली नील ब्रिकरने याला शरीराने केलेला सौदा म्हटलं. रक्तातला तोल राखायचा आणि किंमत हाडांनी मोजायची. काही कुत्र्यांत जबडा इतका मऊ पडतो, की पशुवैद्य त्याला 'रबरी जबडा' म्हणतात.

त्याच सुमारास सेंट लुईसमध्ये एदुआर्दो स्लातोपोल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. मूत्रपिंडाचं काम जितकं कमी झालं, तितकाच जेवणातला फॉस्फरस कमी केला. त्या कुत्र्यांत हा हार्मोनचा पूर आला नाही. म्हणजे हाडं वाचवायची तर हाडं चघळायला देणं हा उपाय नव्हे. दूध, चीज, हाडं, काळीज या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर असतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर असं पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं. पण त्या प्रयोगांमागे मोत्यासारख्यांची काळजी नव्हती, डायलिसिसवरची माणसं होती.

कुत्र्याच्या ताटाचा विचार मात्र एका आंधळ्या माणसामुळे सुरू झाला. अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाचे गृहस्थ वाटाड्या कुत्रा घेऊन गावोगाव हिंडायचे. त्यांच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यातल्या एका बडीची मूत्रपिंडं बिघडली. न्यू जर्सीतले पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी वेगळं खाणं शिजवलं. आधी ते काचेच्या बरण्यांत पाठवायचे, पण बरण्या वाटेत फुटायच्या. मग डबे बंद करायचं यंत्र आलं, आणि १९४८ साली कॅन्ससमधल्या हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. आज दुकानात मिळणाऱ्या 'रीनल' पिशव्यांचं मूळ तिथे आहे.

पुढे १९९२ साली डेल्मर फिंको यांच्या गटाने दाखवलं, की मूत्रपिंड कमजोर असलेली कुत्री जास्त जगतात ती फॉस्फरस कमी केल्याने. नुसती प्रथिनं तोडून तसा फरक पडला नाही. २००२ साली मिनेसोटाच्या अभ्यासात ३८ कुत्री होती, आणि ती प्रयोगशाळेतली नव्हती, घराघरांतली खरोखर आजारी कुत्री होती. कुणाच्या ताटात काय आहे हे मालकांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. वेगळं खाणं मिळालेली कुत्री जास्त जगली. कुत्र्यांनी दिलेलं ज्ञान कुत्र्यांकडे परत यायला असा बराच वेळ लागला.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १८३२ साली इंग्रज सरकारच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारी संस्था निघाली. परळला पेटिट घराण्याच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ साली तिथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा काळजी होती ती गाडीच्या बैलांची आणि ट्रामच्या घोड्यांची. कुत्र्याचं म्हातारपण कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

मला यातलं सगळंच पचत नाही. त्या प्रयोगशाळांतल्या कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या जिवावर माझ्या ओळखीचे दोघे जण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेऊन संसार करताहेत. मोत्याच्या ताटात काय वाढायचं हेही त्यांच्यामुळेच कळलं. हे ओझं कुठे ठेवायचं मला समजत नाही. 'कुत्राच तो' असं म्हणून ते झटकता येत नाही, एवढं मात्र नक्की.

आईला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग त्याला द्यायचं तरी काय?" डॉक्टरांनी आखून दिलंय ते, भात, अंड्याचा पांढरा भाग, मोजून थोडं चिकन आणि हवं तेवढं पाणी. प्रत्येक कुत्र्याचा हिशेब वेगळा असतो, म्हणून आमचं पाहून तुम्ही करू नका.

एकच सांगतो. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाची साधारण ७५ टक्के ताकद गेलेली असते. तुमचं कुत्रं सात वर्षांचं झालं असेल, तर ते ठणठणीत दिसत असतानाच वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या.