मुलांच्या दंतोपचारातील सुईविरहित भूल : सुई टळते, भीती टळतेच असे नाही

तंजावर : लहान मुलांवर दंतोपचार करताना हिरडीत भुलीचे इंजेक्शन देण्याचा क्षण बालक, पालक आणि दंतवैद्य या तिघांनाही कठीण जातो. हा क्षण सुसह्य व्हावा, यासाठी सुईविना भूल देणारी उपकरणे अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. त्यांचा आधार कोणत्या उपचारात घेता येतो आणि कोणत्या उपचारात प्रचलित सुईच विश्वासार्ह ठरते, याची माहिती पालकांनी करून घेणे हिताचे आहे.

तंजावरचा वारसा आणि भुलीचा शोध

तंजावरच्या मराठी राज्याचे अधिपती दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी आपल्या कारकिर्दीत (1798 ते 1832) धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था उभारली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचाही त्यांत समावेश आहे. मात्र त्या काळी आधुनिक अर्थाने भूल जगात कोठेच उपलब्ध नव्हती.

सरफोजींच्या निधनानंतर 14 वर्षांनी, 16 ऑक्टोबर 1846 रोजी, विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बोस्टन येथे ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या साह्याने डोळा बधिर करता येतो हे सिद्ध केले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. लवकरच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याची मज्जा कोकेनच्या इंजेक्शनने बधिर केली. आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. वेदना थांबविण्याचा प्रश्न अशा रीतीने मोठ्या प्रमाणात सुटला. मात्र ती थांबविण्यासाठी टोचावी लागणारी सुई मुलांच्या भीतीचे कारण ठरली.

प्रचलित पद्धत

दंतवैद्य प्रथम हिरडीवर बधिर करणारे जेल लावतात आणि त्यानंतर बारीक सुईने औषध सोडतात. यासाठी भारतात सामान्यतः 2 टक्के लिग्नोकेन ॲड्रेनलिनसह वापरले जाते. ॲड्रेनलिनमुळे तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध जागेवर अधिक काळ टिकते आणि रक्तस्राव कमी होतो. इंजेक्शनच्या वेळी होणारी वेदना केवळ सुईमुळे होत नाही. औषध वेगाने सोडल्यास ऊतींवर दाब पडतो, तसेच औषधाच्या आम्लतेमुळे जळजळ होते. त्यामुळे जेलला एक-दोन मिनिटे देणे, औषध अतिशय सावकाश सोडणे आणि सुई मुलाच्या नजरेआड ठेवणे या साध्या उपायांनीही वेदना बरीच कमी होते.

सुईविरहित पर्याय

सुईविरहित पद्धतींपैकी प्रमुख पद्धत म्हणजे दाबाने औषध सोडणारे जेट उपकरण. त्यातील स्प्रिंग किंवा दाबाखालील वायू औषधाला मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान छिद्रातून बाहेर फेकतो. औषधाची ही सूक्ष्म धार क्षणार्धात हिरडीच्या पृष्ठभागाखाली शिरते. वरच्या दातांसाठी नाकातून फवारण्याचे टेट्राकेन आणि ऑक्सिमेटाझोलिन यांचे मिश्रण अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झाले, परंतु ते किमान 40 किलो वजनाच्या रुग्णांसाठीच असल्याने लहान मुलांना उपयोगी नाही. संगणकनियंत्रित गतीने औषध सोडणारी उपकरणेही मिळतात. त्यांत सुई असतेच, पण दाब नियंत्रित राहतो.

तुलना काय सांगते

मुलांची वेदना मोजण्यासाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रपट्टी, नाडीचे ठोके आणि उपचारादरम्यान मुलाच्या वर्तनाचे निरीक्षण यांचा आधार घेतला जातो. या निकषांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत जेट पद्धतीने औषध देताना वेदना कमी आढळली. याउलट ग्रीसमधील संशोधकांनी 6 ते 11 वर्षांच्या 87 मुलांमध्ये दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी प्रचलित इंजेक्शनलाच पसंती दिली. जेट उपकरणानंतर दहापैकी आठ मुलांना पूरक भूल द्यावी लागली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुळात दंतोपचाराची भीती नसलेली मुले निवडली होती, ही बाबही लक्षात घ्यावी लागते.

या निष्कर्षामागील कारणे समजण्यासारखी आहेत. जेट उपकरण सुटताना फटाक्यासारखा आवाज होतो, हिरडीवर अचानक दाब बसतो आणि काही वेळा औषध तोंडात उडून कडू चव लागते. पूर्वसूचना नसेल तर मूल दचकते. शिवाय एका वेळी सुटणारे औषध सुमारे 0.3 मिलिलिटर इतकेच असते आणि ते फार खोलवर जात नाही. खालच्या दाढांची मज्जा बधिर करण्यासाठी मात्र लहान मुलांतही सुई सुमारे दीड सेंटिमीटर आत न्यावी लागते. म्हणून हलणारा दुधाचा दात काढणे किंवा वरचा दात किरकोळ कोरून भरणे यांसारख्या कामांत जेट पद्धत उपयोगी पडू शकते. खालच्या दाढेतील मज्जेवरील उपचार किंवा पक्की दाढ काढणे यांसाठी सुईचे इंजेक्शनच भरवशाचे ठरते.

सुरक्षितता आणि पालकांची भूमिका

सुई नसली तरी निर्जंतुकतेत ढिलाई चालत नाही. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका वजन घटविण्याच्या दवाखान्यात अनेक रुग्णांसाठी वापरलेल्या जेट उपकरणातून हिपॅटायटिस-बीचा प्रसार झाला होता. त्यामुळे तोंडाशी येणारा भाग प्रत्येक रुग्णासाठी नवा असणे आवश्यक आहे.

औषधाचे प्रमाण नेहमी वजनावरून ठरते. अमेरिकी बालदंतवैद्यक अकादमीच्या मार्गदर्शनानुसार लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलो वजनामागे 4.4 मिलिग्रॅम आहे. 15 किलोच्या मुलासाठी ही मर्यादा 66 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्के द्रावणाचे 3.3 मिलिलिटर होते. म्हणूनच मुलाचे नेमके वजन, आधीचे आजार, ॲलर्जी आणि सुरू असलेली औषधे यांची माहिती दंतवैद्याला आधीच द्यावी.

भूल कोणत्याही पद्धतीने दिली तरी काही काळ ओठ व गाल बधिर राहतात. त्या वेळी मूल नकळत ओठ चावून जखम करून घेते. बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत त्याला चावून खाण्याचे पदार्थ देऊ नयेत आणि त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

‘दुखणारच नाही’ असे खोटे आश्वासन देणे किंवा एरवी धाक म्हणून इंजेक्शनचे नाव घेणे पालकांनी टाळावे. आधी सांगणे, मग दाखविणे आणि नंतर करणे ही बालदंतवैद्यकातील जुनी रीत दोन्ही पद्धतींना तितकीच लागू पडते. जेट उपकरणाचा आवाज मुलाला आधी ऐकवला तर ते दचकण्याची शक्यता कमी होते. पहिल्याच भेटीत वेदनेचा कटू अनुभव आलेले मूल पुढे दवाखाना टाळू लागते आणि लहानशी कीड मुळापर्यंत पोहोचते. त्यामुळे सुई आहे की नाही यापेक्षा आपल्या मुलाच्या नेमक्या उपचारासाठी कोणती भूल पुरेशी ठरेल आणि ती कमी पडल्यास पुढे काय करणार, हे पालकांनी दंतवैद्याला आधीच विचारणे अधिक उपयुक्त ठरते.