इरावती कर्वे : मोजमापांवर भिस्त ठेवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ

इरावती कर्वे यांचे नाव मराठी वाचकाला ‘युगान्त’मुळे ठाऊक असते. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील या लेखसंग्रहाला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे आयुष्यभराचे काम मात्र मानववंशशास्त्रातले होते आणि ते मराठीत तुलनेने कमी वाचले गेले.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे करमरकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. शिक्षणासाठी त्यांना पुण्यात हुजूरपागेत धाडण्यात आले आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या जर्मनीला निघाल्या तेव्हा विरोध केला तो सासऱ्यांनी, म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्वे यांनी!

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ असून ती श्रेष्ठता कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेत दिसते, असा त्यांचा कयास होता. संस्थेतील कवट्या मोजून इरावतीबाईंनी तो पडताळला. विषमता सर्वच मानवसमूहांत आढळते, वंशाशी तिचा संबंध लागत नाही, हा त्यांचा निष्कर्ष गुरूंच्या अपेक्षेविरुद्ध होता. परदेशी, एकट्या, कर्ज काढून आलेल्या विद्यार्थिनीने हे लिहावे, यास धैर्य लागते. फिशर यांच्या त्याच संस्थेने पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणास शास्त्राचा आधार पुरवला.

परतल्यावर काही वर्षे त्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि तेथेच स्थिरावल्या. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्यांनी भाग घेतला. गावोगाव फिरून निरनिराळ्या जातींतील माणसांची मोजमापे घेतली. एक मूळ जात फुटत जाऊन पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे प्रतिपादन या सामग्रीशी त्यांना जुळेना. ‘कुंभार’ या एकाच नावाने ओळखले जाणारे गट परस्परांत सोयरीक करीत नाहीत, त्यांची कामाची पद्धतही निराळी. मग ते एका जातीचे तुकडे कशावरून? मुळात वेगवेगळे असलेले समूह समान धंद्यामुळे एका नावाखाली आले, असे त्यांनी मांडले. १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या इंग्रजी पुस्तकात हा विचार विस्ताराने आला आहे. मोजमापांची ही पद्धत मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. तिच्या पायाविषयी पुढील अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप रास्तच आहेत.

सीमाभागातील वाचकास अधिक जवळचा वाटावा असा ग्रंथ १९५३ चा, भारतातील नातेव्यवस्थेवरचा. भाषांच्या आधारे त्यांनी देशाचे चार विभाग पाडले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत मामा-भाचीचाही विवाह चालतो. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला: येथे कित्येक जातींत मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची सहसा नाही. नकाशावरील रेषेने असे व्यवहार तुटत नाहीत, हे बेळगावात निराळे सांगायला नको.

पंढरीच्या वारीला ज्यांचे लोक जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना वारीत चालताना सुचली. पण त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या पडत, तेही त्यांनी झाकून ठेवले नाही. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ यांसारख्या ललितसंग्रहांतून त्यांची ही नजर दिसते.

शेवटच्या काळात त्या कोयना धरणामुळे उठलेल्या गावांकडे वळल्या. कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली विस्थापितांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. ‘गंगाजल’ हा त्यांचा लेखसंग्रह त्यानंतर निघाला.